मळ्यातली कुलूपबंद खोली

निघायच्या दिवशी पिकअप दारात लागली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. खोकी शोधत कोण बसणार, म्हणून आम्ही भांडी, कपडे, पूर्वाची पुस्तकं, सगळं द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटमध्ये भरलं होतं. निफाडजवळच्या आमच्या मळ्यातून नाशिकच्या गंगापूर रोडला जायचं, म्हणजे तास-सव्वा तासाचा रस्ता. पण मी अशी काही रडत होते की शेजारच्या वस्तीवरची बाई धावत आली, कोणी गेलं का म्हणून विचारायला.

गेलं कोणीच नव्हतं. मीच चालले होते. ह्यांना सातपूरच्या कारखान्यात कायम नोकरी लागली होती आणि पूर्वा, आमची एकुलती एक, पाचवीत जाणार होती. मळा दोघा भावांचा, पण त्यावर दोन संसार चालवायचे म्हणजे नुसती ओढाताण. म्हणून दादांनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाने, आणि लताताईंनी, माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, मळा सांभाळायचा आणि आम्ही शहरात जायचं, असं घरात बसून ठरलं होतं. ठरवताना मीही मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं?

सामान चढवून झालं तशी लग्नापासून जिथे राहिले त्या खोलीला मी कुलूप लावलं. आत माझं लोखंडी कपाट होतं, पलंग होता, आंदणातली भांडी होती, शिलाई मशीन होतं. दादा म्हणाले, "खोली तुमचीच हाय. कुलूप लावा नि बिनघोर जा." लताताई म्हणाल्या, "मशीन तरी घेऊन जा गं, तिकडं कामाला येईल." मी म्हटलं, "राहू द्या ताई, आम्ही काय कायमचं चाललोय का? तात्पुरतं तर आहे." कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

हे मी मळ्यावरच्या माणसांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखं जे कोणी सामान उचलून शहरात आलं त्यांच्यासाठीही. 'तात्पुरतं' हा शब्द तुम्हीही वापरला असणार. फार सोयीचा शब्द आहे तो. त्याच्या आडोशाला माणूस वर्षानुवर्षं बसून राहू शकतं. मी बसले होते.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. हॉलच्या खिडकीपाशी मी क्रेट एकावर एक रचले आणि तेच आमचं कपाट झालं. भिंतीला खिळा मारायचा नाही, हा माझा नियम होता. भाड्याचं घर, मालक ओरडेल. पुढे तेच घर आम्ही विकत घेतलं, मालक आम्हीच झालो, तरी मी खिळा मारू दिला नाही. घड्याळ फ्रिजवर टेकवलेलं होतं, आरसा बाथरूमच्या नळावर. हे एकदा ड्रिल मशीन मागून घेऊन आले, तर मी ते पिशवीतूनही काढू दिलं नाही. "कशाला भिंती खराब करायच्या? आपण काय इथले आहोत?" मी म्हणाले. ह्यांनी पिशवी उचलली आणि मशीन ज्याचं त्याला परत करून आले.

मसाला निफाडहून कांडून यायचा. ब्लाउज निफाडच्या टेलरकडे. केस वाढले तरी पूर्वाला सुट्टी लागेपर्यंत थांबायचं, मग मळ्यावर जाऊन लताताईंच्या हातून कापून घ्यायचे. एकदा माझी दाढ दुखायला लागली. गंगापूर रोडला चालत गेलं तर दर चार दुकानांनंतर एक दाताचा दवाखाना आहे. पण मी गाल सुजवून शनिवारची वाट पाहत राहिले, कारण आमचे दाताचे डॉक्टर निफाडला. एसटीत शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं, "कुठून आलीस बाई?" मी सांगितलं, नाशिकहून. "नि दात दाखवायला निफाडला?" आजी माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जणू दुखणं दातात आहे की डोक्यात, हे त्यांना ठरवता येईना.

डोक्यातच होतं खरं तर. रोज सकाळी भाजी फोडणीला टाकली की मी लताताईंना फोन लावायचे. पाणी सुटलं का, थिनिंगला, म्हणजे घड विरळायला, बाया मिळाल्या का, कुत्रीला पिल्लं झाली का. हिवाळ्यात नाशिकवर ढग आला की माझा जीव टांगणीला. गच्चीत जाऊन पूर्वेकडे बघत बसायचे, अवकाळी तिकडे सरकतोय का म्हणून. आणि मळ्यावर गेले की इथली काळजी सुरू. नळ बंद केला का, गॅसचा कॉक फिरवला का. कुठेही असले तरी अर्धं डोकं दुसरीकडेच. हळूहळू सगळंच विसरायला लागले. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे आणि कशासाठी आले तेच आठवायचं नाही. एकदा दूध तापत ठेवून खाली भाजीला गेले. वर आले तर जिन्यात धूर आणि तळमजल्यावरच्या जोशीकाकू माझ्या दाराशी कावऱ्याबावऱ्या होऊन उभ्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही निघालं नाही. मग गोळ्या झाल्या, काढे झाले. डोकं आपलं ओल्या गोधडीसारखं जडच.

हे एकदाच बोलले. चिडून नाही, जेवता जेवता. "तू इथं पण नसतीस नि तिथं पण नसतीस. मग असतीस कुठं?" मी ताटातून वर न बघता म्हटलं, "तुम्हाला नाय कळायचं." मला तरी कुठे कळत होतं?

मग योगेशच्या लग्नाचं निघालं. योगेश हा लताताईंचा मुलगा. कॉलेज करून शेतात उतरलेला, मुलखाचा कामसू, नजर लागावी अशी बाग आणतो. पण आमच्या भागात आता शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं किती अवघड झालंय, हे तुम्हाला सांगायला नको. मुलीकडचे पहिल्यांदा नोकरी विचारतात, मग शहरात फ्लॅट. किती ठिकाणांहून नकार आले ते लताताईंनी मला कधी मोजून सांगितलं नाही. फक्त फोनवर "जमेल गं" म्हणायच्या आणि आवाज खाली जायचा. शेवटी घोटीकडचं एक स्थळ जमत आलं. मुलगी स्नेहल, बी.कॉम. झालेली, तिला योगेश पसंत पडला. तिच्या वडिलांची एकच अट होती. मुलीला स्वतंत्र खोली पाहिजे.

अट काही वावगी नव्हती. मळ्यावरचं घर म्हणजे ओळीने चार खोल्या आणि पुढे लांब ओसरी. एका खोलीत स्वयंपाक, एकीत दादा-ताई, एकीत खतांच्या गोण्या, औषधं आणि फवारणीचा पंप, आणि एकीला माझं कुलूप. योगेशची कॉट ओसरीत होती. घर बघायला आलेल्या मुलीच्या वडिलांनी ओसरी बघितली, मग कुलूप बघितलं. लताताई म्हणाल्या, "ही खोली हाय की. मोकळी करू." पाहुणे म्हणाले, मोकळी झाली की कळवा, मग सुपारी फोडू.

हे सगळं लताताईंनी मला फोनवर सांगितलं आणि म्हणाल्या, "तेवढं एकदा येऊन जा गं. तुझं सामान तुझ्या हातानं काढ."

मी म्हटलं, "येते की ताई, रविवारी येते."

रविवारी पूर्वाचा क्लास होता. त्याच्या पुढच्या रविवारी माझं डोकं दुखत होतं. मग चाचणी परीक्षा, मग ह्यांची शिफ्ट. कारणं सगळी खरी होती, हीच त्यातली गंमत. खोटी असती तर मलाच लाज वाटली असती. सकाळचा फोन मी हळूहळू बंद केला. त्यांचा फोन आला की माझे हात नेमके पिठात असायचे. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. घोटीची माणसं किती दिवस थांबणार? हे मला माहीत होतं. रात्री अंथरुणात आणि दिवसा ओट्यापाशी, मला दुसरं काही माहीतच नव्हतं. तरी मी जात नव्हते. खोली सोडायची म्हणजे मी गेले, हे मान्य करायचं. सामान होतं तोवर मी फक्त बाहेर गेलेली होते.

त्या सुमारास एका दुपारी पूर्वाची नवी मैत्रीण घरी आली. पूर्वा तेव्हा अकरावीला. मी आत पोळ्या लाटत होते. मैत्रिणीने हॉलमधले क्रेट पाहिले असणार, कारण तिचा आवाज आला, "अय्या, तुमचं सामान अजून लागलं नाही का?"

आणि पूर्वा अगदी सहज म्हणाली, "अगं हो, आत्ताच शिफ्ट झालोय ना."

माझं लाटणं थांबलं. पाचवीपासून अकरावीपर्यंत ही पोर प्रत्येक मैत्रिणीला हेच सांगत आली असणार. इतकी सराईत होती की त्यात खोटं बोलल्याचा आवाजसुद्धा नव्हता. माझी मुलगी ऐन वाढीच्या वयात एका न लागलेल्या घरात राहिली होती, आणि त्यासाठी तिने स्वतःच उत्तर शोधून ठेवलं होतं. तव्यावरची पोळी करपली. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला मळा सोडतानाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांची सुट्टी होती. मी सकाळी उठून क्रेटमधलं सगळं जमिनीवर ओतलं. पुस्तकं, चादरी, स्वेटर, सहा वर्षांची वर्तमानपत्रं. हे ब्रश तोंडात धरून बघत राहिले. मी म्हटलं, "कोणाची तरी पिकअप बघा. मळ्यावर जायचंय." रिकामे क्रेट पिकअपमध्ये चढवले आणि निघालो. कोणाला फोन केला नाही. फोन केला असता तर बोलता बोलता पुढचा रविवार ठरला असता.

चांदोरी गाव मागे गेलं तेव्हा मी पर्स उघडली. किल्ली नव्हती. इतकी वर्षं जी किल्ली मी भाजीला जातानासुद्धा सोबत नेली, ती नेमकी त्या दिवशी दुसऱ्या पर्समध्ये घरी राहिली होती. हे हसायला लागले. मला हसू येईना. परत फिरूया, असं ओठांवर आलं होतं. इतकं चांगलं, इतकं खरं कारण पुन्हा मिळालं नसतं. पण ते मी गिळलं आणि म्हटलं, "चला. कुलूप फोडू."

पिकअप मळ्यात शिरली. बाया बागेत घड विरळायला बसल्या होत्या. अंगणात सडा पडलेला होता आणि चारही दारांपुढे रांगोळी होती. माझ्या कुलूपबंद दारापुढेही. छोटीशीच, चार ठिपक्यांची, वर हळद-कुंकवाची चिमूट. ती रांगोळी मी प्रत्येक खेपेला बघितली होती आणि मी येणार म्हणून काढली आहे असं समजून मनात सुखावले होते. पण आज मी येणार हे कोणालाच माहीत नव्हतं. आठवड्याचा मधलाच वार होता. म्हणजे लताताई रोज काढत होत्या. पोराला ओसरीत निजवून, बंद दारासमोर, रोज.

लताताई डोक्याचा रुमाल सोडत बागेतून आल्या. क्रेट बघून म्हणाल्या, "हे काय गं?"

"तुमचे क्रेट. परत आणलेत," मी म्हटलं. "आणि ताई, मी किल्ली विसरले. दादांना म्हणा, कुलूप फोडायला काहीतरी आणा."

त्या आत गेल्या आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावरून एक किल्ली काढून आणली. "फोडायचं कशाला? कुलपासंगं दोन आल्या व्हत्या. एक तू नेलीस, एक हितं राहिली."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही कधीही उघडू शकत होता? मग उघडली का नाही? योगेशचं लग्न..."

"तुझी खोली हाय," त्या म्हणाल्या. "मी उघडली असती तर तुला घरातून काढल्यावानी झालं असतं. म्हणलं, येईल. लय उशीर लावलास मात्र."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी रडू दिलं आणि मग किल्ली माझ्या हातात दिली.

आता खरी गंमत ऐका. ज्या खोलीसाठी मी एवढा जीव अडकवला होता, तिच्यात जपण्यासारखं फारसं काही निघालं नाही. येता-जाता मी दार उघडून नुसती आत बघायचे, कपाट कधी उघडलं नव्हतं. गादी उंदरांनी फाडली होती. लग्नातला शालू घडीवर चिरला होता. पूर्वाची दुधाची बाटली, मुदत संपलेली बामची डबी, मोडक्या छत्र्या. आंदणातली भांडी तेवढी चांगली होती, आणि मशीन. मशीनला तेल दिलं, चाक फिरवलं, तर ते लगेच चालू झालं. मला वाटलं होतं एकेक वस्तू उचलताना जीव तुटेल. प्रत्यक्षात निम्मं सामान मीच बांधावर नेऊन टाकलं. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली, लताताईंनी ती धुतली, आणि ओल्या फरशीवर उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून माझं डोकं दुखलेलं नाही.

तिथे उभं असताना मला माझं लग्न आठवलं. सिन्नरकडचं माझं माहेर सोडून मी ह्याच खोलीत आले होते, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आई म्हणाली होती, "रडून झालं की पदर खोच नि कामाला लाग." आणि मी लागलेही होते. पंधरवड्यात मला मळ्यातल्या विहिरीचा आवाजही ओळखीचा झाला होता. मग दुसऱ्या वेळी मला एवढी वर्षं का लागली? उत्तर त्या रिकाम्या खोलीतच होतं. माहेरी माझी जागा कोणी कुलूप लावून ठेवली नव्हती. मी उंबरा ओलांडला आणि माझ्या कोपऱ्यात भावाची सायकल आली. तेव्हा त्याचा राग आला होता. पण परतीचं दार नव्हतं म्हणून मी पुढे बघितलं. इथे मात्र मी स्वतःच्या हाताने कुलूप लावलं आणि त्याच्याशी बांधून घेतलं स्वतःलाच.

निघताना लताताईंनी पाट मांडला आणि म्हणाल्या, "बस." कुंकू लावलं, नारळ आणि तांदूळ घेऊन माझी ओटी भरायला लागल्या. मी म्हटलं, "ताई, जावेची कुठे अशी ओटी भरतात? ही तर माहेरवाशिणीची."

"मग? सामान नेलंस ना आता. आता येशील तशी माहेरवाशिणीसारखी येत जा. चार दिस राहा, खा, झोप. बागेत कामाला घालणार नाय तुला."

खरं सांगते, ते ऐकलं तेव्हा काळजात कळ आली. ज्या घरात मी राबले त्या घराने मला पाहुणी केलं होतं. पण पिकअपमध्ये बसल्यावर, पदरातला नारळ सांभाळताना, हळूहळू उमगलं की आई गेल्यावर माझं जे माहेर संपलं होतं ते कोणीतरी मला परत दिलंय. आणि एक खोली सोडून ते मिळालंय.

घरी आल्यावर पहिली गोष्ट दिसली ती खिडकी. क्रेट गेल्यामुळे हॉलची ती खिडकी मोकळी झाली होती. आमच्याच घराची, आणि मी ती कधी पूर्ण उघडलेली नव्हती. बाहेर शाळेचं मैदान आहे, एक मोठं कडुलिंबाचं झाड आहे. पूर्वा म्हणाली, "मम्मी, इथून माझी शाळा दिसते!" म्हणजे तिची जुनी शाळा, जी आता संपलीही होती. रविवारी हे पुन्हा ड्रिल मशीन मागून घेऊन आले. घड्याळ लागलं, आरसा लागला, कपाट आलं. खिडकीखाली मशीन ठेवलं. जोशीकाकू एक साडी फॉल लावायला घेऊन आल्या आणि मग जिन्यातल्या निम्म्या साड्या माझ्याकडे आल्या. अजूनही कधीतरी मी स्वयंपाकघरात जाऊन कशाला आले ते विसरते. पण आता ते वयामुळे, असं म्हणायला मी मोकळी आहे.

घोटीची माणसं थांबली होती. योगेशचं लग्न द्राक्षांचा माल निघाल्यावर थाटात झालं. स्नेहलने खोलीला पिस्ता रंग लावलाय. मला तो आवडला नाही, आणि मी तसं बोलले नाही. ती खोली आता तिची आहे.

ह्या दिवाळीतही मी मळ्यावर गेले नाही, पण ह्या वेळी टाळायचं म्हणून नाही. लताताईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कधी येती?" मी म्हटलं, "ह्या वेळी तुम्ही या." "मी? तिकडं?" त्या म्हणाल्या. तेव्हा मला उमजलं की एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी बोलावलंच नव्हतं. ज्या घराला मीच घर म्हणत नव्हते, तिथे कोणाला काय बोलावणार?

त्या आल्या. पाडव्याच्या सकाळी दुसऱ्या मजल्यापर्यंत धापा टाकत आल्या, दारातली माझी रांगोळी न मोडता बाजूने पाय टाकला, आणि घरभर फिरून प्रत्येक भिंत हाताने बघितली. खिडकीपाशी बराच वेळ बसल्या. दोन दिवस राहिल्या. जाताना मी त्यांची ओटी भरली आणि वर एक किल्ली ठेवली.

"ही कशाची?"

"ह्या घराची. कुलपाबरोबर दोन आल्या होत्या."

त्या ती कधी वापरणार नाहीत, मला माहीत आहे. मळ्यावर स्वयंपाकघराच्या दारामागे तो जुना खिळा अजून आहे, आणि स्नेहल सांगत होती की आता माझ्या घराची किल्ली त्याच्यावर टांगलेली असते. घर म्हणजे काय असं मला आज कोणी विचारलं तर मी गंगापूर रोडचा पत्ता सांगते, न अडखळता. आणि त्याची एक किल्ली मळ्यावर आहे.